शेपटीतलं हाड

वरच्या मजल्यावरची घंटा थांबेना, तेव्हा पेशंटच्या तोंडातला कापूस तसाच ठेवून मी जिना चढलो. त्या घंटेची आम्हा सगळ्यांना सवय होती. आप्पांना अर्धांगवायू झाल्यापासून देवघरातली ती पितळी घंटा त्यांच्या डाव्या हाताशी असायची. पाणी हवं, कूस बदलायची, पंखा कमी करायचा, की घंटा. दोनतीन ठोक्यांत विद्याताई त्यांच्यापाशी पोचत. त्या सकाळी घंटा वाजतच राहिली... दार नुसतं लोटलेलं होतं. विद्याताई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या, पुढ्यात निवडायला घेतलेली मेथी. गेल्या होत्या. आप्पांना पलंगावरून त्या दिसत नव्हत्या, म्हणून ते वाजवत होते.

गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत खाली माझा दातांचा दवाखाना आणि वर हे दोघं नवरा-बायको. सातपूरच्या कंपनीने आप्पांना टांझानियात पाठवलं, तेव्हा प्राणिशास्त्र शिकलेल्या या बाई सोबत गेल्या आणि क्वार्टरमागच्या आंब्यावरच्या पाली धरत बसल्या. आपल्या भिंतीवरच्या नव्हेत. या बोटाएवढ्या, झाडावर राहणाऱ्या, भर उन्हात हिंडणाऱ्या, आणि शेपटीच्या टोकाखालीही बोटांखाली असते तशी चिकट गादी असलेल्या. "पाचवा पायच म्हणा ना," त्या मला कौतुकाने सांगत. बाकी सगळं तिथल्या एका माहितीतल्या जातीसारखंच, पण शेपटीचे खवले निराळे. ही वेगळी जात आहे, हे विद्याताईंच्या मनाने घेतलं ते घेतलंच. स्पिरिटच्या बरणीत ठेवलेल्या त्या पाली त्यांनी नाशिकला आणल्या आणि आप्पा अंथरुणाला खिळल्यावरही दुपारी भिंग घेऊन बघत राहिल्या. शेवटी तिकडच्या एका संशोधकाने कळवलं, या, जिवंत पाली मिळून बघू, वेगळ्या निघाल्या तर नाव देऊ. मुलगा पुण्याहून येऊन आप्पांजवळ राहायला तयार झाला. विद्याताईंचा पासपोर्ट नवा करून आला.

हे जाणं म्हणजे काय होतं, ते आम्हालाच ठाऊक. इतक्या वर्षांत ही बाई घंटेच्या टप्प्याबाहेर गेली नव्हती. भाजी दारात, किराणा फोनवर. माझ्याकडे यायच्या, कारण माझ्या दवाखान्यात घंटा ऐकू येते. बोलता बोलता वाक्य अर्धं टाकून उठायच्या. मला त्या घंटेची चीड यायची. खरं सांगायचं तर आप्पांचीही यायची.

नव्या जातीच्या वर्णनासोबत हाडांचं चित्र लागतं म्हणून एका दुपारी त्या बरणी घेऊन खाली आल्या. दातांच्या फिल्मवर पालीचा एक्स-रे मी जन्मात पहिल्यांदा काढला. "आ करायला सांगू का हिला?" मी म्हटलं. त्या हसल्या. मग फिल्म दिव्यासमोर धरली आणि हसू गेलं. पाठीचे मणके शेपटीच्या मुळापर्यंत ठळक होते, पुढे हाडच नव्हतं, नुसती सावली. दुसरी काढली, तिसरी काढली. सगळ्यांचं तेच.

"आंब्याखाली मांजरं असायची..." त्या म्हणाल्या. "सगळ्यांच्या शेपट्या तुटून पुन्हा आलेल्या आहेत, डॉक्टर. नव्या शेपटीत मणके येत नाहीत. खवलेही पहिल्यासारखे येत नाहीत. ही वेगळी जात नाही. तीच आहे."

मी वैतागलो. "कोण बघतंय तुमचा एक्स-रे? बोलू नका काही. निदान एकदा जाऊन तरी या!"

"आत दाताचं मूळ किडलेलं दिसत असताना वर टोपी बसवाल तुम्ही?"

"पुष्कळजण बसवतात."

"तुम्ही?"

वर घंटा वाजली. बरणी उचलून त्या निघाल्या, दारात क्षणभर थांबल्या. "पण नवी शेपटीही चिकटते हं. हाड नसलं तरी झाड सोडत नाही." आणि वर गेल्या. त्याच दिवशी त्यांनी संशोधकाला खरं ते कळवलं. आता जायला कारणच उरलं नव्हतं. मुलाला येऊ नको म्हणून सांगितलं, पासपोर्ट कपाटात गेला.

विद्याताई गेल्यावर मुलाने आप्पांना पुण्याला नेलं. बरणी एका कॉलेजात दिली. फिल्म माझ्याकडेच राहिल्या, त्यातली एक मी दिव्याच्या काचेवर लावून ठेवली आहे. परवा एका पेशंटबाईंनी विचारलं, "डॉक्टर, हा कुणाचा दात हो?" सांगायला सुरुवात केली आणि सवयीने मध्येच थांबलो, कान वर लावून. वर काहीच वाजलं नाही. आता विद्याताईंना खाली हवा तितका वेळ बसता आलं असतं.