मुलगा होण्याची पुडी

माझ्या विहिणीने माझ्या मुलीला फसवलं, आणि मंडीदीपच्या रस्त्यावरच्या एका वैद्याने माझ्या विहिणीला.

जवाहर चौकातलं पडद्यांचं दुकान मी एकटीने उभं केलं. कापड दोन बोटांत धरलं की भेसळ कळते मला. पण माझ्याच मुलीच्या पोटात काय गेलं, ते कळलं नाही.

नातू दूध पिताना मध्येच थांबायचा. धाप लागायची, कपाळ घामाने भिजायचं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक आहे. वजन वाढलं नाही तर ऑपरेशन. मग विचारलं, "गरोदरपणी कुठलं औषध घेतलं होतं?"

मुलीने सासूकडे पाहिलं. "आईंनी शक्तीची पुडी दिली होती. दुसऱ्या महिन्यात."

"शक्तीची कसली? मुलासाठीची!" विहीणबाई कौतुकाने म्हणाल्या. "गोऱ्हा झालेल्या गाईच्या दुधातून, उगवतीकडे तोंड करून घ्यायची. लागू पडली की! मुलगाच झाला."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मुलगा की मुलगी, हे गर्भ राहतो तेव्हाच ठरतं. दुसऱ्या महिन्यात हृदय घडत असतं. आधी नुसती नळी असते, ती वळते, मग आत पडदे तयार होतात."

जे आधीच पोटात होतं, तेच त्या वैद्याने आम्हाला विकलं. तेही नेमकं हृदय घडत असताना!

"भोक त्या पुडीमुळेच राहिलं?" मी विचारलं.

"तसं सांगता येणार नाही. काही न घेताही असं होतं. पुडीत काय आहे ते तपासावं लागेल."

तशीच बाग सेवनियाला विहिणीच्या घरी गेले. देवघरात दोन पुड्या उरल्या होत्या. मी उचलल्या, तर विहीणबाईंनी माझा हात धरला. "अहो, राहू द्या ना! धाकट्या सुनेला दिवस गेलेत."

त्यांच्या हातातून मी मनगट सोडवून घेतलं. बोलले असते तर शिवीच आली असती.

एक पुडी डॉक्टरीणबाईंना दिली, दुसरी घेऊन वैद्याकडे गेले, नातवाच्या हृदयाचं सांगितलं. तो हसला. "बहनजी, लड़का हुआ ना? फिर शिकायत कैसी?"

पुडी उघडून त्याच्यासमोर धरली. "तूच खा."

त्याने हात मागे घेतला.

का घेतला? काय आहे हिच्यात? त्याने सांगावं. आणि हे न विचारता दोन सुनांच्या पोटाशी खेळणाऱ्या विहीणबाईंनीही सांगावं. आमचं पोर दूध पिताना धापा टाकतंय, त्याचा जाब मला द्या.