जॅझच्या नावाखाली

आमच्या प्रेसशॉपच्या सेटरमामांनी मला जॅझच्या नावाखाली फसवलं. महाळुंग्यात पत्रा कापायच्या एका सेकंडहँड प्रेसवर धंदा उभा केलेला माणूस मी. पत्र्याच्या दलालापासून कंपनीच्या परचेसवाल्यापर्यंत कुणालाच मला गंडवता आलेलं नाही. ह्या एका माणसानं गंडवलं, आणि तेही रोज, जेवणाच्या सुट्टीत, माझ्याच डब्यातली भाकरी खात.

मामांचं काम प्रेसवर डाय, म्हणजे साचा, बसवायचं आणि वेड तिकडं लांब कॉकेशसच्या डोंगरांतल्या संगीताचं. वडील लग्नांत सनई वाजवायचे, म्हणून एकदा मोबाइलवर सनई शोधत होते, तर आर्मेनियाचा दुदुक लागला. जर्दाळूच्या लाकडाचं, सनईपेक्षा घोगऱ्या, दाट आवाजाचं वाद्य. त्या दिवसापासून माणूस आमचा राहिला नाही. जॉर्जियातल्या पुरुषांची तीन आवाजांतली गाणी, मग बाकूचा पियानोवरचा जॅझ, असे ते डोंगर ओलांडत पुढेच गेले. आमच्या तिन्ही प्रेसवर त्यांनी खडूनं येरेवान, तिबिलिसी, बाकू अशी तिकडच्या शहरांची नावं लिहिली. कंपनीचा ऑडिटर आला आणि विचारू लागला, "ये बाकू बंद क्यूँ है?" मामा गंभीरपणे म्हणाले, "साब, क्लच गया है. वैसे बजाता अच्छा है."

दुदुकवाल्याच्या शेजारी दुसरा दुदुकवाला बसतो आणि शेवटपर्यंत एकच सूर धरतो, हे कळलं तेव्हा मी तापलोच. "म्हंजे ह्यो काहीच करत न्हाई? आन् हजेरी पूर्ण?"

"शेठ, तो थांबला तर पहिला पडतो," मामा म्हणाले. "धरा बघू तुम्ही."

मी घासाघीस केली: दोन मिनिटं, वर एक सेकंद नाही. तो सूर दोन वर्षं धरला. प्रेस थांबलेले असायचे, मी 'आ' लावून बसायचो, मामा डोळे मिटून माझ्या छातीवर पंजा टेकवायचे आणि वरून दुदुकची चाल गुणगुणायचे. "मोठ्यानं, शेठ." पंजा कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "तिकडं असंच करतात."

पुढं पुढं त्यांची चाल सुरावरून घसरायला लागली. मी ओरडायचो, "मामा, बेसूर!" ते हसायचे. "शेठ, हा जॅझ. ह्यात स्ट्रोक चुकला तरी डाय फुटत नाही." मला पटलं. एकदा डाय उलटी बसवली म्हणून मी त्यांच्या तोंडावर नको ते बोललो, तर शांतपणे म्हणाले, "हो ना, फार गोड वाजवतो." हेही मी जॅझमध्येच धरलं.

गेल्या महिन्यात मामा यायचे बंद झाले. ना फोन, ना निरोप. मी तणतणत चऱ्होलीला त्यांच्या घरी गेलो. मामींनी दार उघडलं आणि मी सुरू व्हायच्या आत म्हणाल्या, "शेठ, ओरडून उपयोग नाही. त्यांना आता काहीच ऐकू येत नाही. दोन वर्षं कान उतरतच होते."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर प्रेसवर ठेवलं असतं का तुम्ही?"

नसतं ठेवलं.

मामा खाटेवर बसले होते, मोबाइल उशाला, बंद. मला बघून उठले आणि माझ्या छातीवर पंजा टेकवला. मी सूर धरला. ते गुणगुणले, चाल कुठल्या कुठे गेली. मी बेसूर म्हणालो नाही.

आमच्या शॉपच्या दारात, प्रेसच्या आवाजानं कान जाऊ नयेत म्हणून, इअरप्लगचा डबा टांगलेला आहे. दर महिन्याला ते वाटले, अशी कागदावर सही माझी आहे. डब्यावर धूळ आहे. त्याचा जाब मला द्यावा लागेल, आणि मी देईन. पण मामांनाही सोडणार नाही. येरेवान चालू आहे, तिबिलिसी चालू आहे, बाकूला नवा क्लच बसवलाय. जेवणाच्या सुट्टीत तिन्ही थांबले की माझ्या तोंडून आपोआप सूर लागतो, आणि वर कुणीच नसतं. मामा, ह्याचा जाब तुम्ही द्या. दोन मिनिटं ठरली होती. आता हा सूर मी सोडायचा कधी?