बेसबॉलवरचा शेरा

आमची मुलगी बेसबॉल खेळते हे आम्ही नागपूरला सासरी बरेच महिने सांगितलंच नव्हतं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण समजावून कोण सांगणार? इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्येसुद्धा ते समजावून सांगावं लागे. शेजारीण म्हणायची, "ओह, राउंडर्स!" आणि विषय मिटवायची. राउंडर्स हा बेसबॉलसारखाच बॅट-चेंडूचा खेळ, इथे शाळेतल्या मुली पीईच्या तासाला खेळतात. अशाच एका तासाला तिच्या वर्गमैत्रिणीच्या अमेरिकन वडिलांनी आमच्या मुलीला चेंडू फेकताना पाहिलं आणि आमचे रविवार गेले ते गेलेच.

हा माणूस गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सच्या वेअरहाउसमध्ये कामाला होता. बायको इंग्लिश, घर छान, तब्येत उत्तम. दुःख एकच, या देशात बेसबॉल नाही. म्हणून त्याने चार-पाच शाळांमधली मुलंमुली गोळा करून तळ्याकाठच्या मैदानावर टीम उभी केली आणि स्वतःच तिचा कोच झाला. तिला तो 'माझी हायस्कूल टीम' म्हणे. कुठल्याही हायस्कूलचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

त्या टीममध्ये मुलगी पिचर होती, म्हणजे मधल्या उंचवट्यावर उभं राहून बॅटवाल्याकडे चेंडू फेकणारी. दुसरं कुणी पिच करत असलं की ती दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावताना गाठायच्या ठाण्यांच्या, मधे उभी राही. त्या जागेला शॉर्टस्टॉप म्हणतात. पिचर म्हणून तिचा चेंडू जोरात जाई, पण कुठे जाईल ते तिला चेंडू गेल्यावरच कळे. शॉर्टस्टॉपला उलट. आलेला प्रत्येक चेंडू ती मांजरीसारखी झडप घालून पकडे, आणि मग तो हातात घेऊन उभी राही, जणू कुणाचा तरी हरवलेला चेंडू सापडलाय आणि मालक येईपर्यंत थांबायचंय.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढून पगार घेते. पण मुलगी सुधारतेय की बिघडतेय हे मला सांगता येत नसे. कोच म्हणे, "ग्रेट डेव्हलपमेंट!" तो सगळ्यांनाच तसं म्हणे. नवरा सोमवार ते शुक्रवार ग्लासगोला प्रोजेक्टवर, त्यामुळे त्याचं मत फोनवरून यायचं, आणि ते बहुतेक वेळा 'क्रिकेटचं काय झालं?' असंच असायचं.

त्या वसंतात सासरे आले. नणंदेचं बाळंतपण होतं म्हणून सासूबाई मागे राहिल्या, हे एकटेच आले. ते रिटायर्ड शाळा तपासनीस. नागपूरकडच्या खेड्यांमधल्या शाळा ते येणार म्हटलं की भिंतींना चुना फासत, आणि मुलांची नखं कापून घेत. मिल्टन कीन्समध्ये तपासायला काही मिळेना. पहिल्या आठवड्यात त्यांनी आमचा फ्रीज तपासला. दुसऱ्या आठवड्यात रेडवेवरून, म्हणजे इथल्या लाल रंगाच्या पायवाटांवरून, फिरून राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, तपासले. "सगळेच गोल," ते मला म्हणाले. "माणसानं वळायचं कुठं, ते कोणीच सांगून नाही राहिलं."

बुधवारी संध्याकाळी प्रॅक्टिस असे. एकदा ऑफिसात रिलीज अडकली, म्हणून मी बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, मुलीबरोबर मैदानावर सोडलं, फोल्डिंग खुर्ची दिली, आणि परत ऑफिसला गेले. मे महिना होता, पण बाबांनी कोट, मफलर, कानटोपी असा सगळा बंदोबस्त केला होता. दोन तासांनी परतले तर टीमची सगळी मुलं उंचीप्रमाणे रांगेत उभी. बाबा त्यांच्यासमोरून हात मागे बांधून चालत होते. त्यांच्या मागे एक पाऊल सोडून, क्लिपबोर्ड छातीशी धरून, कोच.

"काय चाललंय?" मी मुलीला हळूच विचारलं.

"आजोबा इव्हॅल्युएट करतायत," ती म्हणाली. "आई, प्लीज, तू काही बोलू नको."

झालं होतं असं. साउथ ऑफ इंग्लंडच्या ज्युनियर टीमसाठी एक इव्हॅल्युएटर, म्हणजे निवडीसाठी खेळाडू पारखणारं कुणीतरी, आमच्या पिचर्सना बघायला येणार होतं. कधी येणार ते मुद्दामच सांगितलेलं नव्हतं, आणि बाई की बुवा तेही कोचला ठाऊक नव्हतं. कोट घातलेला एक अनोळखी वयस्कर माणूस नेटच्या मागे बसून काहीही न बोलता प्रत्येक चेंडूला मान हलवतोय हे पाहून त्याने अदबीने विचारलं, "सर, आर यू हियर टू इन्स्पेक्ट द टीम?"

बाबा म्हणाले, "आय ॲम इन्स्पेक्टर." मग जरा थांबून, "रिटायर्ड."

कोचला वाटलं, खेळून रिटायर झालेले. त्याने त्यांना चेंडूचा वेग मोजायची रडार गन दिली. बाबांनी ती परत केली. "मी पोलीस इन्स्पेक्टर नाही," असं त्यांनी इंग्रजीत स्पष्ट सांगितलं. हे वाक्य कोचने पुढे कितीतरी लोकांना, फार मोठं तत्त्वज्ञान असल्यासारखं, ऐकवलं. 'वेगाला पकडू नका, मुलाला बघा' असा काहीसा अर्थ त्याने काढला होता.

मी तिथल्या तिथे कोचला खरं सांगितलं. "हे माझे सासरे. त्यांनी आज पहिल्यांदा बेसबॉल पाहिला." तो हसला, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, "दे आर ऑल मॉडेस्ट, द ग्रेट वन्स."

घरी येताना गाडीत मी म्हटलं, "बाबा, तुम्ही तरी सांगायचं ना!"

"मी खोटं बोललो का? इन्स्पेक्टर आहे म्हणालो, तर आहेच." मग ते मागच्या सीटकडे वळले. "बेटा, तू घेते चांगलं. देत नाही."

"आजोबा, मी विचार करते ना, कोणाला द्यायचा बॉल."

"वर्गात बाईंनी प्रश्न विचारला की इतका वेळ लावते का?"

"हो," मुलगी प्रामाणिकपणे म्हणाली.

पुढच्या बुधवारी त्यांनी उपाय आणला. चेंडू हातात आला की विचार करायचा नाही, पाढा म्हणायचा, आणि उत्तराबरोबर चेंडू फेकायचा. पाढा मराठीतच. का, तर इंग्रजीत पाढ्याला ताल नाही, असा त्यांचा अनेक वर्षांचा अनुभव. कोचला हे फारच पटलं. अर्ध्या तासात तळ्याकाठी एक पोलिश मुलगा, दोन घानाचे भाऊ, आमची मुलगी आणि स्वतः कोच एकमेकांकडे चेंडू फेकत ओरडत होते, "बे एके बे! बे दुणे चार!" कुत्र्याला फिरवायला आलेली माणसं थांबून बघत. बे चोक आठला घानाचा धाकटा भाऊ नेहमी अडखळे, आणि बाबा त्याला नेटमागून दटावत.

त्याच बुधवारी एक बाई आली होती. पन्नाशीची, रेनकोट घातलेली, लंडनकडच्या हाउन्सलोहून गाडी चालवत आलेली. कोचला वाटलं, कुणाची तरी आई किंवा आत्या. त्याने तिला चहाच्या टेबलापाशी उभं केलं. तिने तक्रार केली नाही. सगळ्यांना चहा ओतला, बिस्किटांची पाकिटं फोडली, बाबांना दोन चमचे साखर घालून दिला, आणि अधूनमधून कपांवरून मैदानाकडे पाहत राहिली. जाताना तिने रिकामे कपसुद्धा विसळून ठेवले.

सिलेक्शनचा दिवस पुढच्या रविवारी, आमच्याच मैदानावर. दुसऱ्या गावांच्या टीम्स आल्या. नवरा विमानाने घरी आलेला, हाताची घडी घालून उभा, 'हे क्रिकेट नाही' असा चेहरा करून. सगळे जमल्यावर ती चहावाली बाई पुढे आली, रेनकोट काढला, आणि आत तिच्या गळ्यात इव्हॅल्युएटरचं कार्ड होतं.

कोचचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला. "यू मेड द टी," एवढंच तो म्हणाला.

"तुम्ही सांगितलंत ना करायला," बाई म्हणाली.

"मग हे कोण?" त्याने बाबांकडे बोट दाखवलं.

बाबा खुर्चीतून उठले. "मी तिचा आजोबा," ते आमच्या मुलीकडे हात करून म्हणाले. शांतपणे, आवाज न चढवता, जणू कुणी त्यांना हे आधीच विचारायला हवं होतं.

बाई गोंधळली. "मला वाटलं, हे वरच्या ऑफिसमधून आलेत. म्हणून मी मधे पडले नाही." आणि मग तिने, ब्रिटिश लोक अपघातानंतर करतात तसं, सगळं सुरळीत असल्याप्रमाणे काम सुरू केलं.

खेळ सुरू झाल्यावर मुलगी आधी शॉर्टस्टॉपला उभी राहिली. पहिलाच चेंडू सरपटत तिच्याकडे आला. तिने झडप घातली, "बे त्रिक सहा!" ओरडली, आणि चेंडू सरळ फर्स्ट बेसवाल्याच्या ग्लोव्हमध्ये. दुसऱ्या टीमच्या कोचने अंपायरकडे तक्रार केली, हे लोक कोड भाषेत बोलतायत म्हणून. अंपायरने नियम आठवून पाहिले. गणिताविरुद्ध त्यात काही नव्हतं.

मग ती पिच करायला उंचवट्यावर गेली. तिथे पाढा चालेना. पिचरला घाई नसते, विचार करायलाच उभं केलेलं असतं, आणि आमची मुलगी विचार करून करून घामाघूम झाली. एक चेंडू बॅटवाल्याच्या पाठीत बसला. एक चहाच्या टेबलावर गेला. एक तळ्याकाठच्या हंसांमध्ये, आणि ते हंस शिव्या देत उठले. अधूनमधून मात्र असा एखादा चेंडू जाई की बॅटवाला बॅट न उचलताच उभा राही, आणि ग्लोव्हचा आवाज मैदानभर घुमे. त्या आवाजाला नवरा दर वेळी हाताची घडी सोडून एक पाऊल पुढे येई आणि परत मागे जाई.

दुपारी बाई आणि बाबा बाकावर बसून आमच्या मुलीबद्दल बोलले. मी मधे दुभाषी. बाई म्हणाली, हात चांगला आहे पण पिचिंग सोडू द्या, इनफिल्डर म्हणून, म्हणजे बेसजवळ चेंडू अडवणारी म्हणून, ती मोठी होईल. बाबा म्हणाले, "जे येतं तेच शिकवायचं असेल, तर शाळा कशाला?" बाई म्हणाली, मला या उन्हाळ्यासाठी टीम हवी आहे, शाळा नको. बाबांनी विचार केला आणि म्हणाले, "हे मात्र बरोबर बोलली." मला दोघांचंही पटत होतं, आणि भाषांतर करणाऱ्याला मत नसतं म्हणून सुटल्यासारखं वाटत होतं.

मुलगी मागे येऊन उभी आहे हे आम्हाला कळलं नव्हतं. "मला कोणी विचारणार?" ती म्हणाली. आवाज फाटलेला. "तिथे वर उभं राहिलं की सगळे थांबतात. सगळे माझ्यासाठी थांबतात. शाळेत माझ्यासाठी कोण थांबतं?"

हे मी कधी ऐकलं नव्हतं. शाळेत तिचं काय चालतं ते मी रोज विचारायचे, ती 'फाइन' म्हणायची, आणि मी टेस्ट पास झाल्यासारखी पुढे जायचे.

तिची निवड झाली. राखीव इनफिल्डर म्हणून. गाडीत ती रडली, मग झोपली. बाबा तिच्या शेजारी ताठ बसून होते. घराजवळच्या शेवटच्या राउंडअबाउटला म्हणाले, "ती बाई चुकली नाही. पण तिला वेळ नाही. मला आहे." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात नवऱ्याच्या जुन्या गादीवर खडूने पिचिंगच्या नेमासाठी एक चौकोन काढून दिला.

त्या उन्हाळ्यात मुलगी बहुतेक बाकावर बसली. एकदा मुख्य पिचर उलट्या करत होता म्हणून तिला पावसात एक इनिंग मिळाली. तिने दोघांना बाद केलं, एकाला चेंडू मारला, आणि घरी येऊन तीन दिवस तेच सांगत राहिली. पुढे ग्लासगोला युनिव्हर्सिटीत गेल्यावर बेसबॉल सुटला. आता ती पोरांना गणित शिकवते, आणि त्यात माझ्या सासऱ्यांचा हात आहे असं म्हटलं तर तिला राग येतो.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी बाबांचा व्हिसा संपला तेव्हा कोच त्यांना सोडायला विमानतळावर आला. आता त्याला सगळं नीट माहीत होतं. तरी त्याने नागपूरचा फोन नंबर लिहून घेतला. मला वाटलं, निरोपाचा शिष्टाचार असेल.

पण दोन आठवड्यांनी सासूबाईंचा फोन आला. "अगं, तो अमेरिकन फोन करून राहिला आणि बोलत काहीच नाही. नुसते धप्प धप्प आवाज येतात. हे कान लावून बसतात."

मी बुधवारी मैदानावर गेले. कोच कॅचरच्या ग्लोव्हजवळ मोबाइल धरून वाकला होता. एक नवा पिचर घाबरून चेंडू टाकत होता. ग्लोव्हमध्ये धप्प आवाज झाला. सगळे फोनकडे बघू लागले. मग फोनच्या स्पीकरमधून, सात समुद्रांपलीकडून, खरखरत आवाज आला, "याला सांगा, घरून जेवून यायचं."

"व्हॉट डिड ही से?" कोचने मला विचारलं.

मी सांगितलं. कोचने गंभीरपणे मान हलवली, आणि पिचरला सँडविच आणून दिलं.