खंडेनवमीचा मदरबोर्ड

संगणकाच्या मदरबोर्डाची पूजा करायची असल्यास त्याच्या सॉकेटवरचे झाकण काढू नये, एवढी एकच गोष्ट मला या लेखात सिद्ध करायची आहे. विधान सोपे आहे. सिद्धता मात्र मला स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने आणि वडील भावाच्या साक्षीने करावी लागली.

मी विज्ञानाचा शिक्षक. निवृत्तीनंतर वडीगोद्रीला आमच्या जुन्या घरी राहू लागलो. घरात मी आणि सौ. वत्सला. एकुलती एक मुलगी वर्षा हैदराबादला संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे. ती दहावीत असताना सुट्टीत येथे आल्यावर तिने आणि मी याच ओसरीवर सुटे भाग आणून एक संगणक जोडला होता. तो पुष्कळ वर्षे इमानाने चालला आणि गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी बंद पडला. उघडून पाहिले, तर मदरबोर्डावरचे वीज साठवणारे कपॅसिटर आंबवलेल्या पिठासारखे फुगून वर आले होते.

मी वर्षाला फोन केला.

“अण्णा, लॅपटॉप घ्या. विषय संपला.”

“विषय संपवण्याची एवढी घाई का?”

“मग काय करायचंय?”

“नवा बोर्ड घालून हाच पुन्हा उभा करावा म्हणतो.”

ती म्हणाली, “बरं, बोर्ड तुम्ही निवडा. प्रोसेसर अन् रॅम मी इकडून घेऊन येते. दसऱ्याला येऊन बसवून देते.”

दसऱ्याला येऊन! मागच्या दोन दिवाळ्या ती आली नव्हती. एकदा कंपनीत काहीतरी ‘रिलीज’ होते आणि दुसऱ्यांदा जे रिलीज झाले होते ते बिघडले होते. त्यामुळे त्या क्षणापासून मला संगणकाची गरज उरली नाही. गरज होती ती बोर्डाची. बोर्ड असेल तर वर्षा येणार होती.

मग दर रविवारी सकाळी तिची शिकवणी सुरू झाली. वाचकांनाही उपयोग व्हावा म्हणून सारांश देतो. मदरबोर्ड म्हणजे शाळेची इमारत समजावी. प्रोसेसर हा मुख्याध्यापक. त्याची खुर्ची म्हणजे सॉकेट. खुर्चीच्या मापाचाच मुख्याध्यापक बसतो, दुसरा बसत नाही (प्रत्यक्ष शाळांत कोणीही बसतो, तो भाग वेगळा). रॅम म्हणजे फळा. जितका मोठा, तितके एका वेळी लिहिता येते. चिपसेट म्हणजे कारकून. तो ज्याला हो म्हणेल तेच इमारतीत शिरते. आणि विजेचा दाब सांभाळणारे भाग प्रोसेसरच्या कडेला असतात. ते दणकट हवेत, कारण आमच्याकडची वीज केव्हा रुसेल आणि केव्हा चवताळेल याचा नेम नसतो.

हे सर्व मला पहिल्या दोन रविवारी समजले. तिसऱ्या रविवारी मी ते पुन्हा विचारले.

“अण्णा, हे मागच्या वेळी झालं ना?”

“उजळणी केलेली बरी असते.”

फोन ठेवल्यावर वत्सला तूर पाखडता पाखडता म्हणाली, “तुमाला समदं ठावं हाय. तरी इचारून राह्यले.”

“शंका राहू नये म्हणून.”

“शंका न्हाई, सवय लागली तुमाला. लेकरू अर्धा घंटा बोलतंय म्हून.” सुपातले खडे वेचत ती पुढे म्हणाली, “मी तरी कुठं नको म्हणते? पर दसरा जवळ आला. बोर्डच न्हाई घेतला तर ती येऊन काय बसविन?”

पेच खरा होता. बोर्ड निवडला तर रविवार संपणार, न निवडला तर दसरा जाणार. मी जड अंतःकरणाने मूल्यमापन पूर्ण केले आणि जालन्याला गेलो.

दुकानदार गोड बोलणारा होता. मी एकामागून एक खोकी उघडायला लावली, भिंग लावून प्रत्येक बोर्ड तपासला, रॅमच्या खाचा मोजल्या, पंख्याच्या जोडण्या पाहिल्या, कोपऱ्यांतली स्क्रूची भोके सारखी आहेत का तेही पाहिले.

“गुरुजी,” तो शेवटी म्हणाला, “पोरगी पसंत करून राह्यले का बोर्ड?”

“एकदा घरात आला की बदलता येत नाही म्हणून पाहतो.”

“पर काम काय करणार यावर?”

“मराठीत थोडे टंकलेखन. आणि मुलीशी व्हिडिओवर बोलणे.”

“त्याला मोबाईल बास झाला की.”

“मोबाईल बसवायला कोणी गावाकडे येत नाही,” असे माझ्या ओठांवर आले होते. पण विक्रेत्याला ग्राहकाची सर्व माहिती देण्याचे कारण नसते. मी बोर्ड घेतला आणि एस.टी.त तो मांडीवर ठेवून वडीगोद्रीपर्यंत आणला. शेजारच्या प्रवाशाने बाळंतिणीला पाहावे तसे माझ्याकडे पाहिले.

येथपर्यंत सर्व शास्त्रशुद्ध झाले होते. पुढे खंडेनवमी आली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे सर्व अवजारांची पूजा असते. विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, ट्रॅक्टरचा पाना, सर्व अंगणात मांडले जाते. थोरले बंधू आबा शेती पाहतात. पूजेचा मान त्यांचा. नव्या आलेल्या वस्तूला पहिला पाट, हा घराण्याचा नियम. या खेपेला पहिल्या पाटावर मदरबोर्ड होता.

“ह्याला हे काय पांघरून घातलंय?” आबांनी चंदेरी पिशवीकडे बोट केले.

“ती पिशवी स्थिर विद्युत अडवते, आबा.”

“अडवू दे. पर पिशवीला कुकू लावल्यावर आतल्याला कसं लागन? ट्रॅक्टरला आपुन ताडपत्रीवरून हार घातल्ता का?”

तर्क निर्दोष होता. मी पिशवी काढली.

आबांनी खाली वाकून निरीक्षण केले. “अन् मधी हे काळं झाकण?”

“तिथे प्रोसेसर बसतो. बोर्डाचा मेंदू म्हणा.”

“मंग कपाळच झाकलं की.”

या ठिकाणी सामान्य माणूस ‘असू द्या’ म्हणून थांबला असता. मी शिक्षक आहे. झाकण का काढायचे नसते, हे आबांना समजावून सांगणे मला माझे कर्तव्य वाटले. तेथे शेकडो सोनेरी पिना असतात, केसाहून नाजूक. त्यांना हात लागता कामा नये, हवेतील धूळही वर्ज्य, असे मी विस्ताराने सांगितले.

“इतक्या बारीक?” आबा म्हणाले. “खोटं वाटतंय.”

आणि प्रात्यक्षिकाशिवाय विधान पटत नाही, या आयुष्यभराच्या श्रद्धेने मी सॉकेटच्या कडेची दांडी उचलून झाकण काढून दाखवले.

“खरंच की,” आबा म्हणाले. “आता उघडलंच हाय, तर उरकून घ्या.”

काम नाजूक म्हणून त्यांनी करंडा माझ्या हाती दिला. मी हळदकुंकू अगदी जपून, केवळ धातूच्या चौकटीला लावले. माझे चुकले नाही. पण अक्षता ही वस्तू जपून टाकण्याची नाही, हे मी विसरलो. आबांनी टाकल्या, वत्सलाने टाकल्या, आणि नमस्काराच्या भरात मीही मूठभर टाकल्या. आबांनी वर झेंडूचे फूल ठेवले. ते सॉकेटमध्ये अगदी मापात बसले.

“कसं शोभून दिसतंय,” आबा म्हणाले. बोर्डाची शोभा खरोखरच वाढली होती. उपयोग तेवढा गेला होता.

आबा घरी गेल्यावर मी दुरुस्ती हाती घेतली. प्रथम फूल उचलले, पाकळ्या राहिल्या. मग फुंकर घातली. कुंकू खोल गेले. मग प्रयोगशाळेत काचपट्ट्या पुसत असू त्या पद्धतीने शुद्ध कापसाचा बोळा घेतला. कापसाचा तंतू पिनेला अडकतो, हे कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या विज्ञान शिक्षकाला कळायला हवे होते. बोळा अडकला. मी ओढला. भिंगातून पाहिले, तर वावटळीत ज्वारी आडवी व्हावी तशा पिनांच्या ओळी निजल्या होत्या.

“काय झालं?” वत्सलाने विचारले.

“पिना वाकल्या.”

“कोनाच्या हातानं?”

“विज्ञानाच्या.”

तेवढ्यात फोन वाजला. वर्षा होती. वत्सलाने स्पीकर लावला.

“अण्णा, बोर्ड नीट तपासलाय ना? काही लोचा असेल तर आत्ताच सांगा. गाडीला अजून वेळ आहे, तिकीट रद्द करते अन् सवडीनं कधीतरी येते. एकच दिवस मिळालाय. काम होणार नसेल तर उगीच दगदग.”

वत्सलाने माझ्याकडे पाहिले. मी पाटाकडे पाहिले. आयुष्यभर मी फळ्यावर सुविचार लिहिले, त्यांतला एकही त्या वेळी मदतीला आला नाही.

“बोर्ड उत्तम आहे,” मी म्हणालो. “तेजस्वी दिसतो आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. वाळली होती. आल्या आल्या म्हणाली, “आणा बोर्ड.” मी म्हणालो, आधी स्नान. मग म्हणालो, आधी जेवण. दसऱ्याच्या दिवशी पुरणपोळी थांबवू नये. मग आबांना आपट्याचे सोने देऊन ये म्हणालो. मग प्रवासाचा शीण घालवण्यासाठी वामकुक्षीचे महत्त्व सांगितले. ती दुपारी ओसरीवर मांडी घालून बसली आणि तिने स्वतःच खोके ओढले.

“अण्णा.”

“हं.”

“यात झेंडू उगवलाय.”

मी एक पाकळी चिमटीत उचलून घेतली.

“अन् हे तांदूळ?”

“अक्षता आहेत,” मी अचूक शब्द सुचवला.

“काल तर उत्तम होता म्हणालात.”

“पूजेच्या दृष्टीने उत्तमच होता.”

ती हसली नाही. तिने भिंग खाली ठेवले. “खोटं का बोललात, अण्णा? तुम्ही तर कधीच बोलत नाही.”

मी घसा साफ केला. “त्याची कारणे तीन भागांत सांगता येतील. पहिला भाग तांत्रिक…”

“तू आली नसतीस म्हून,” वत्सला आतून पाण्याचा तांब्या घेऊन येत म्हणाली. “झालं. एकाच भागात झालं.”

वर्षा बराच वेळ त्या सॉकेटकडे पाहत राहिली. आतले कुंकू पाहत होती की आणखी काही, ते मला कळले नाही, कारण मी कोपऱ्यातील स्क्रूची भोके पाहत होतो. मग तिने मोबाईल उचलला आणि तिच्या साहेबांना सांगितले, “सर, घरी हार्डवेअरचा प्रॉब्लेम झालाय. हो, सीरियस आहे. जुनाच आहे, लक्षात आत्ता आला. तीन-चार दिवस लागतील.”

मग दुरुस्ती सुरू झाली. वत्सलाची शिवणाची सुई, माझे भिंग, आणि मी टॉर्च धरलेला. ती एकेक पिन सुईच्या टोकाने उभी करायची. “टॉर्च हलतोय, अण्णा.” “हात हलतो आहे, टॉर्च स्थिर आहे.” “मग खांबाला टेकून बसा.” मी टेकून बसलो. तिच्या भांगात दोन-तीन पांढरे केस दिसले. मागच्या वेळी ते नव्हते. किंवा मागच्या वेळी मी इतक्या जवळ बसलो नव्हतो. वत्सलाने धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी केली, आणि ‘किती झालं?’ असे एकदाही विचारले नाही. दोन ओळी झाल्या की वर्षा म्हणायची, “डोळे दुखले. बाकीचं उद्या.” तिच्या डोळ्यांची मला काळजी वाटायला हवी होती. मला फार बरे वाटत होते.

त्या दिवसांत ती पुष्कळ बोलली. साहेबांविषयी, खोलीवर एकटीने जेवताना लावून ठेवायच्या टी.व्ही.विषयी, आणि फोनवर आमचे आवाज थकलेले वाटले की तीच फोन लवकर का ठेवते त्याविषयी. या विषयांवर मी रविवारी कधी प्रश्नच विचारला नव्हता. मी चिपसेट विचारत होतो.

शेवटच्या दिवशी प्रोसेसर बसला, पंखा फिरला आणि पडदा उजळला. आबा म्हणाले, “पूजा पावली.” वत्सलाने साखर वाटली. निकाल चांगला लागल्याचे दुःख मला आयुष्यात पहिल्यांदाच झाले.

दुपारी आम्ही तिला जालन्याच्या गाडीत बसवायला हमरस्त्यावर गेलो. गाडी दिसू लागली तशी ती म्हणाली, “अण्णा, पुढच्या वेळी मला बोलवायचं असलं ना, तर नुसतं ‘ये’ म्हणा. बोर्डाला मधे घालू नका.”

“लक्षात ठेवतो.”

“म्हणून दाखवा.”

“गाडी आली,” मी म्हणालो.

ती खिडकीत बसली. वत्सलाने मला कोपराने ढोसले. उत्तर थोडक्यात आणि मुद्देसूद असावे, असे मी हयातभर मुलांना बजावत आलो. येथे तर उत्तर एका अक्षराचे होते आणि ते मला आगाऊ फोडूनही मिळाले होते. गाडी हलली. मी हात उंचावला, पूर्ण श्वास घेतला, आणि सगळ्या थांब्याला ऐकू जाईल अशा वर्गातल्या खणखणीत आवाजात म्हणालो,

“वर्षा, पॉवर सप्लायसुद्धा जुनाच आहे बरं का!”