न वाचलेल्या पुस्तकाचा शेवट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल. ओळखीच्या माणसांसमोर जीभ रेटली नसती.

मी कॉलेजात तीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर इथे नाशिकला, गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एक बैठक सुरू केली. महिन्यातून दोन रविवार, सकाळी दहाला. नऊ-दहा माणसं. सध्या काय वाचताय ते प्रत्येकाने सांगायचं, मग चहा. कुणी दोन वाक्यांत आटोपतं, कुणी पंधरा मिनिटं घेतं. माझी पाळी शेवटची. तो मान सगळ्यांनी आपणहून दिलेला.

आणि मी वाचतच नव्हते.

किती वर्षं? नोकरीत होते तेव्हापासूनच. पुस्तक हातात घ्यायचे, वीस-पंचवीस पानं व्हायची आणि मन उडायचं. मग मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचायचे, इंटरनेटवर चार परीक्षणं शोधायचे आणि रविवारी तीच माझ्या आवाजात सांगायचे. वर्गात उभी राहून आयुष्य गेलेल्या बाईला ते जड जात नाही. लोक वहीत उतरवून घ्यायचे.

पण सांगायचंय ते हे नाही. न वाचता बोलणारी मी काय एकटीच आहे? — बघा, लगेच सोबत शोधायला लागले.

सुमन गावितांबद्दल सांगायचंय.

आमच्यातल्या जोशीकाकांना मधुमेह. सरकारी दवाखान्यात त्यांना एक नर्स दिसली, टेबलाच्या खणात कादंबरी ठेवणारी. त्याच सुमनताई; काका त्यांना बैठकीला घेऊन आले. पेठजवळच्या एका पाड्यावरच्या, चाळिशीच्या बाई. दाराजवळच्या खुर्चीवर बसायच्या. एक पुस्तक त्यांना दोन-दोन महिने पुरायचं. पाळी आली की म्हणायच्या, ‘अजून तेच चालू आहे.’ बाकीचे गालात हसायचे. मीही.

एका रविवारी मी एका कादंबरीवर बोलले. मजुरीसाठी गाव सोडलेल्या बाईची गोष्ट. माझी तीस पानं झाली होती. एका परीक्षणात ‘परतीची कादंबरी’ असा शब्द होता, तो मला आवडला. मी छान रंगवून सांगितलं, की शेवटी ती घरी परतते आणि तिथे एक वर्तुळ पूर्ण होतं.

सुमनताईंनी हात वर केला. वर्गात करतात तसा.

‘मॅडम, पण ती घरी जात नाय. स्टँडवरच बसून राहते. तिच्या गावाची गाडी लागते आणि निघून जाते. तिथंच पुस्तक संपतं.’

मी मास्तरकीतली जुनी युक्ती केली, उलट प्रश्न विचारला. ‘का बसून राहत असेल, असं वाटतं तुम्हाला?’

त्यांनी हात खाली घेतला. मग म्हणाल्या, ‘आमच्याकडच्या बाया द्राक्षाच्या कामाला इकडं येतात, चार-चार महिने. परत गेल्या की घर तिथंच असतं, पण घराला त्यांची सवय राहिलेली नसते. चूल दुसऱ्याच हाताची झालेली असते. तिला ते माहितीय. म्हणून ती उठत नाय.’

चार वर्षांत त्या हॉलमध्ये इतकं खरं कुणी बोललं नव्हतं. ते मला तिथल्या तिथे कळलं — हे लक्षात ठेवा. कळलं नाही म्हणून मी तशी वागले असं नाही. माझ्या मनात काय आलं सांगू? पाड्यावरची एक नर्स माझ्याच हॉलमध्ये मला शिकवतेय, हे.

मी हसले. म्हणाले, ‘सुमनताई, कादंबरी अशी आपल्या गावावर बेतून वाचायची नसते. तिचं मन घरी पोचलंय, ते सूचित आहे. पुन्हा एकदा शांतपणे वाचा. सगळ्यांनाच पहिल्या वेळी नाही कळत.’

कुणीतरी हसलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यापैकी एकानेही ती कादंबरी वाचलेली नव्हती.

‘हो मॅडम, माझंच चुकलं असेल,’ सुमनताई म्हणाल्या. आणि मी जे बोलले ते त्यांनी वहीत लिहून घेतलं.

सोमवारी सकाळी मी शेवटची दहा पानं उघडली. गाडी लागते, निघून जाते, बाई बाकावर बसलेली. सुमनताई म्हणाल्या तसंच.

पुढच्या बैठकीला दोन आठवडे होते. त्यांचा नंबर माझ्याकडे होता. ‘तुमचं बरोबर होतं’ — किती शब्द झाले? मी फोन केला नाही. बैठकीत त्यांची पाळी आली तेव्हा त्या खाली बघून म्हणाल्या, ‘सध्या काही वाचत नाही.’ मी म्हणाले, ‘हरकत नाही,’ आणि पुढच्या खुर्चीकडे वळले. त्यानंतर त्या आल्या नाहीत. मला हायसं वाटलं. हो, हायसंच.

इथेच थांबता आलं असतं. पण काही महिन्यांनी एका वाचनालयात माझं व्याख्यान होतं. त्या कादंबरीवर बोलताना मी म्हणाले, ‘बाई परत गेली की घर तिथंच असतं, पण घराला तिची सवय राहिलेली नसते.’ म्हणायच्या आधी मी जराशी थांबलेसुद्धा, वाक्य नीट पोचावं म्हणून. टाळ्या पडल्या. एका साप्ताहिकाने त्यावर लेख मागितला, मी दिला. माझ्या नावाने. चूलसुद्धा घेतली त्यात.

वर्षभराने मला चक्कर येऊ लागली. मी त्या दवाखान्यात गेले, कारण जवळचा तोच. सुमनताई तिथे असतील हे माहीत होतं का? होतं. विसरल्या असतील असं वाटलं होतं.

त्यांनी मला बघून खुर्ची पुढे केली. म्हणाल्या, ‘मॅडम, तुमचा लेख वाचला. इथं येतो तो पेपर. लय छान लिहिलंय. मला तेव्हा असं नीट सांगता आलं नव्हतं.’

मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. असता तर बरं झालं असतं. नव्हता. त्या मनापासून बोलत होत्या.

मी म्हणाले, ‘थँक्यू.’

मग वर आणखी विचारलं, ‘सध्या काय वाचताय?’

‘नाय मॅडम, सोडलं. कळत नाय तर कशाला उगाच,’ त्या म्हणाल्या आणि माझ्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळायला लागल्या. खोलीत आम्ही दोघीच होतो. पट्टा फुगत होता, तेवढा वेळ होता माझ्याकडे. मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत राहिले. बीपी थोडं जास्त निघालं. मीठ कमी करा म्हणाल्या, आणि दारापर्यंत सोडायला आल्या.

गेल्या उन्हाळ्यात त्यांची बदली पेठकडे झाली. जोशीकाकांनी सांगितलं. पेठ इथून फार तर दोन तास. मी गेलेले नाही. बैठक अजून चालते आणि माझी पाळी अजून शेवटचीच असते.

यंदा माझ्या लेखांचं पुस्तक निघालं. तो लेख त्यात पहिला आहे. प्रुफं तपासताना त्या वाक्यापाशी आले. पेन हातात होतं, मार्जिनमध्ये जागाही होती. मी एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि पान उलटलं.