चौकशीला आलेल्या साहेबांचा पाहुणचार

मामा खालच्या कोर्टात हरला तेव्हा त्याच्यापेक्षा मीच जास्त भडकले होते. ब्राह्मणपाऱ्यातल्या ज्या दोन खोल्यांत त्याने जन्मभर शिवणमशीन चालवली, त्या कोर्टाने त्याच्या चुलतभावाच्या ठरवल्या. अपील करायचं तर आधी कोर्ट फी, आणि ती मामाच्या आवाक्याबाहेरची. नाही भरली तर अपील ऐकूनच घेणार नाहीत, म्हणजे खोल्या गेल्याच. मी भरते म्हटलं तर हा माणूस तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. भाचीला द्यायचं असतं म्हणे, तिच्याकडून घ्यायचं नसतं!

मग मामाच्या वकीलबाईंनी सांगितलं, ज्याला फी परवडत नाही त्याला फीशिवाय अपील करू द्या, असा अर्ज करता येतो. मी खुर्चीतच उडाले. अर्जाला मालकीच्या सगळ्या वस्तूंची यादी जोडायची होती. एक पलंग, दोन पेट्या, एक पंखा, थोडी भांडी. मशीन पोटाचं अवजार, ते संपत्तीत धरत नाहीत. यादी लिहिताना मामाने एकदाही मान वर केली नाही, पण सही केली. मग कोर्टाने चौकशी लावली. पटवारी घरी येऊन यादी खरी आहे का ते बघणार होता.

त्या सकाळी मी समता कॉलोनीतल्या माझ्या घरून स्कूटी दामटत मामाकडे पोचले, आत पाऊल टाकलं आणि माझं डोकंच फिरलं. खोलीत नवाकोरा कूलर, मखमली सोफा, भिंतीशी टीव्ही, टीपॉयवर चांदीचा ट्रे. मामाच्या बोटात सोन्याची अंगठी! साहेब येणार म्हणून या शहाण्याने अख्ख्या पाऱ्यातून, म्हणजे सगळ्या मोहल्ल्यातून, सामान मागून आणलं होतं. आमच्या लोकांची ही जुनी खोड आहे. पाहुणा यायचा म्हटलं की शेजारच्या कपबशा आपल्या घरात येतात. वरून मलाच सांगतो, सरकारी माणूस पहिल्यांदा घरी येऊन राहिला, त्याले काय उघडी खोली दाखवू?

मी तोंड उघडणार तोच पटवारी दारात. त्याने कूलरकडे पाहिलं, हातातल्या यादीकडे पाहिलं आणि पेन काढलं. मामा चहाचा ट्रे पुढे करत मोठ्या थाटात म्हणाला की आपल्या घरी तशी कशाचीच कमी नाही. अरे देवा, मला वाटलं तिथल्या तिथे कपाळ बडवून घ्यावं.

मी सरळ गल्लीत जाऊन ओरडले, ज्याचं त्याचं सामान आत्ताच्या आत्ता घेऊन जा! समोरची दीदी धावत आली, हव, कूलर तो हमर आय, कूलर तर आमचाच, म्हणून त्याला बिलगली. सोफ्याला चौघं लागले. टीव्ही गेला, ट्रे चहासकट गेला. अंगठी बाजूच्या काकांची, ती तर साबण लावून काढावी लागली. पटवारी आधी चिडला, मग हसून हसून बेजार झाला आणि एकेकाचं नाव लिहून घेऊ लागला. मला मात्र हसू येत नव्हतं. यादी खोटी आहे असं त्याने लिहिलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं.

खोली रिकामी झाल्यावर त्याने मामाला विचारलं, आता तुमच्या तोंडाने सांगा, तुमचं स्वतःचं काय आहे? मामा मशीनवर हात ठेवून उभा राहिला. मला त्याच्याकडे बघवेना.

"लिहून घ्या साहेब," शेवटी तो म्हणाला. "मी गरीब आहो. फी भराले माह्यापाशी काही नाही."

पुढच्या तारखांना मी शिकवते त्या शाळेतून रजा काढून जात होते. अर्ज मंजूर झाला त्या दिवशी वकीलबाईंनी मागे वळून मान हलवली आणि मी भर कोर्टात टाळी वाजवली. शिपायाने दटावलं. दटावू दे! फीशिवाय अपील चालणार होतं, आणि तोवर खोल्या रिकाम्या करायलाही स्थगिती मिळाली होती.

बाहेर येऊन मामा पायरीवर बसला. आता माझं म्हणणं खरंच ऐकतील का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. त्याने परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मलाच रडू फुटलं, आणि तो गडबडीने रुमाल शोधायला लागला.

"काहून रडून राहिली वेडे," तो म्हणाला, "आता त कुठं माहं ऐकणार आहेत."