यादीतला सहावा फोन

आधीच स्पष्ट करते – मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. बावीस वर्षं अंगणवाडी सेविका आहे. मुलांची वजनं, उंच्या, लसी सगळं आधी वहीत आणि आता मोबाईलवर. वाडीत कुणाला बाहेरचं लागलंय म्हणून बोलावणं आलं तर मी पहिल्यांदा हिमोग्लोबिन विचारते. इथे ग्रुपवर लोक लिहितात ते अनुभव मी आवडीने वाचते, पण दर वेळी मनात म्हणते, झोप झाली नसेल बिचारीची. त्यामुळे हे लिहावं की नाही यात तीन आठवडे गेले. जे वहीत नोंदलेलं आहे तेवढंच लिहिते.

ठिकाण – रेवदंड्याकडून काशीदला येताना लागणाऱ्या एका खाडीच्या तोंडाशी आमची वाडी आहे. नाव देत नाही. चाळीसेक घरं, बहुतेक मासेमारीची. आमचं घर शेवटचं, जरा उंचावर. पडवीत उभं राहिलं की खाडीचं तोंड समोर दिसतं. मोबाईलला रेंज मात्र अजिबात नाही, मागचा डोंगर आड येतो. घरात फोन चालतो तो फक्त वायफायवर. या दोन गोष्टी लक्षात ठेवा.

घरात मी आणि सासूबाई. मुलगी श्रुती पनवेलला नर्स आहे. माझे मिस्टर तांडेल होते, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, सुकाणू त्यांच्या हातात.

आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली आहे. ओहोटीला होडी टेकते, म्हणून सगळे भरतीला आत येतात. वारा असला की त्या वाळूवर लाटा फुटतात. गंमत अशी की समुद्राच्या बाजूने त्या फुटताना दिसत नाहीत, लाटेची नुसती पाठ दिसते. म्हणून आमची दोघांची एक पद्धत पडली होती. हे बाहेरून नेटवर कॉल करायचे (समुद्रात त्यांना रेंज मिळायची, पण नेट ते कॉलपुरतंच लावायचे) आणि एकच विचारायचे, “तोंड कसं हाय गो?” मी पडवीत जाऊन बघायची. “निवळ आहे, या.” नाहीतर, “पांढरं आहे, थांबा.” बास, एवढाच कॉल. मग हे आत यायचे, होडी बांधून घरी यायचे, आणि पडवीच्या पायरीवर बसले की त्यांचा फोन वायफाय पकडायचा. दिवसभराचे मेसेज एकदम पडायचे... टुंग टुंग टुंग टुंग. तो आवाज ऐकला की मी चहा टाकायची. हाक मारायची गरजच नव्हती.

आता प्लगचं सांगते. आमचं जुनं इंटरनेट टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून यायचं. वीज कडाडली की ती तारेतून थेट घरात. दोन मोडेम जळाले. तेव्हापासून मी स्वयंपाकघरात नियमांचा कागद चिकटवला होता. त्यात पहिला नियम – गडगडलं की नेटचा प्लग काढणे. सासूबाईंना वाचता येत नाही, त्यांच्याकडून मी तो तोंडी पाठ करून घेतला होता.

दोन वर्षांपूर्वीची ऑक्टोबरमधली दुपार. सव्वाचारला गडगडायला लागलं. मी प्लग काढला. अंगणातलं सुकट आत घेतलं, कपडे घेतले. पडवीतून तोंड दिसत होतं – पांढरंफेक होतं. मला वाटलं, हे आज मुरूडच्या बंदरात जातील.

होडी तोंडाशी उलटली. चौघांपैकी तिघं पोहत आले. हे तिसऱ्या दिवशी सापडले. फोन सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी प्लग लावला तेव्हा माझ्या फोनवर तीन मिस्ड कॉल दिसले. चार एकेचाळीस, चार चव्वेचाळीस, चार पन्नास. पांडूभावजी – हे यांचे चुलतभाऊ, त्याच होडीवर होते – मला नंतर एकदाच म्हणाले, “तीनदा लावला त्यानं, वयनी. मंग बोलला, घरात नसंल ती. चला.”

मी घरातच होते. मोडेमपासून चार पावलांवर.

प्लग काढलेला असल्याने ते कॉल लागले नाहीत, ही गोष्ट भावजी आणि मी सोडून कुणालाच माहीत नाही. सासूबाईंना तर नाहीच.

यंदा वाडीत फायबर आलं. मी अर्जात कारण लिहिलं – अंगणवाडीची माहिती ऑनलाइन भरणे. खरं कारण वेगळं होतं. सर्व्हे करायला आलेला टेक्निशियन, संदेश नावाचा चाळिशीचा गृहस्थ, केबलचं टोक दाखवत म्हणाला होता, “ताई, ही काच आहे. केसाएवढी. हिच्यातून वीज येत नाही. कितीही गडगडू दे, प्लगला हात लावायचा नाही.” ते वाक्य ऐकून मी त्याच दिवशी अर्ज भरला.

जोडणीसाठी चौदा मुद्द्यांची यादी केली. केबल कुठून आत घ्यायची, भोक कुठे पाडायचं, स्पाइक गार्ड, लाइट गेली तर राउटरला छोटा यूपीएस (बॅटरीची डबी), जुनी तार खांबापासून काढून घेणे... सगळं. ती यादी अजून माझ्याकडे आहे. तिच्यात एक मुद्दा राहिला होता, ते पुढे येईलच.

कोजागिरीच्या दिवशी सकाळी संदेश आला. साडेअकरापर्यंत काम झालं.

“वायफायचं नाव नि पासवर्ड जुनाच ठेवू? म्हणजे सगळे फोन आपोआप पकडतील.”

“जुनाच ठेवा,” मी म्हटलं.

मग त्याने माझ्या मोबाईलवर एक अ‍ॅप टाकून दिलं. राउटरला काय काय जोडलंय ते त्यात दिसतं. “हे बघा, सहा डिव्हाइस.”

“पाच,” मी म्हटलं. “माझा फोन, अंगणवाडीचा फोन, टीव्ही, टॅब, आईंचा भजनाचा फोन.”

“सहा आहेत ताई.”

मी चष्मा लावला. सहावं नाव होतं ‘तांडेल’. यांच्या फोनला श्रुतीने गमतीने दिलेलं नाव.

“शेजारचा कुणाचा असेल,” संदेश हत्यारं भरत म्हणाला. शेजारचं घर दीडशे पावलांवर आहे. थोड्या वेळाने पाहिलं तर नाव गेलं होतं. अ‍ॅपमधली वेळ लिहून ठेवली – अकरा पन्नासला आला, सोळा मिनिटं होता.

प्रत्येक फोनला स्वतःचा एक बारा अक्षर-आकड्यांचा नंबर असतो. श्रुतीने पूर्वी घरातल्या सगळ्या फोनचे नंबर मोडेममध्ये घातले होते, तेव्हा मी ते वहीत उतरवून घेतले होते. वही काढली. बाराच्या बारा जुळले.

श्रुतीला फोन केला. ती म्हणाली, “आई, दोन वर्षं खाऱ्या पाण्यात पडलेला फोन चालू होत नाही. कुणाला सापडला असता तरी झाला नसता. तू जेवतेस ना वेळेवर?”

जेवते म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बारा चाळीसला आला. तिसऱ्या दिवशी एक पंचवीस. चौथ्या दिवशी सव्वादोन. मी पायरीवर जाऊन बसले त्या दिवशी. काही दिसलं नाही. वास नाही, गारवा नाही, कुत्रं भुंकलं नाही – इथे लोक लिहितात तसलं काही म्हणजे काही झालं नाही. मोबाईलवर एक नाव होतं आणि शेजारी रिकामी पायरी होती. सोळा-सतरा मिनिटांनी नाव गेलं.

तेव्हा एक विचार आला. जुन्या मोडेमवर ही यादी बघायची असते हेच मला माहीत नव्हतं. म्हणजे... दोन वर्षं? रोज? आणि आम्ही आत जेवत होतो, टीव्ही बघत होतो?

पाचव्या दिवशी, तीन पाचला, मी दोन कप चहा टाकला. का ते विचारू नका. दुसरा कप सासूबाईंनी प्यायला, “आज लवकर गो?” म्हणत.

त्या संध्याकाळी पांडूभावजी पापलेट द्यायला आले. मी काही न सांगता त्यांना वहीचं पान दाखवलं. नुसत्या वेळा.

“वयनी, भरतीचं टायमिंग कशाला लिवून ठेवलंस?” ते हसले. “होडी घेतंस का काय? तांडेल होतंस? मग मी येतो खलाशी म्हनून, पण चहा येळेवर पायजे हां.”

“भरतीचं?”

“मग काय! पुनवेला बाराला, मंग रोज पाऊन-पाऊन तास फुडं. शेंबडं पोर सांगंल.”

मी बावीस वर्षं या वाडीत मुलं मोजतेय, पण भरतीचं गणित माझं कधीच नव्हतं, ते यांचं होतं. मी भावजींना सगळं सांगितलं. त्यांनी खाडीच्या तोंडाकडे पाहिलं. मग उठताना म्हणाले, “त्याला आत यायला पानी लागतं ना.” आणि गेले.

सहाव्या दिवशी, तीन पन्नासला, नाव आलं तेव्हा मी मोबाईल हातात घेऊनच बसले होते. विचार साधा होता – फोन जोडलेला आहे तर त्यावर मेसेज पोचायला हवा. यांच्या नंबरवर माझा शेवटचा मेसेज दोन वर्षांपूर्वीचा, ‘येताना कोथिंबीर’. त्याला एकच टिक आहे, म्हणजे पोचलेला नाही.

पण लिहायचं काय? तेव्हा जे सांगायला हवं होतं ते होतं, ‘पांढरं आहे, थांबा.’ आता ते कसं लिहू? आता थांबा म्हणजे... येऊ नका. मी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. सोळा मिनिटं संपली.

रात्री वहीत नीट लिहून काढलं, दोनच वाक्यं. उद्या पाठवायचं ठरवलं. उद्याची भरती चार चाळीस.

सातव्या दिवशी मुरूडला महिन्याची मीटिंग होती. दोनला संपते, चारपर्यंत मी घरी असते. निघताना आकाश स्वच्छ होतं. मीटिंग लांबली. येताना नांदगावच्या पुढे पाऊस गाठला, परतीचा, गडगडाटासकट. रस्त्यात आंब्याची फांदी आडवी. सहा आसनी रिक्षात आम्ही नऊ जणी आणि एक कोंबड्यांची पाटी. चार झाले, सव्वाचार झाले. मी पायीच निघाले. छत्री उलटी झाली, ती टाकून दिली.

घरी पोचले तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. पडवीतून आत पाहिलं. राउटरचे दिवे बंद.

सासूबाई चुलीपाशी होत्या. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

“आलंस? भिजलंस किती! म्या पयल्या गडगडीलाच पलग काढला बघ. नि ती बाजूची डबी पन. तिचा दिवा जात न्हवता मेला, वडूनच काढली. तू सांगलंस तसंच केला गो.”

चौदा मुद्द्यांच्या यादीत ‘आईंना सांगणे – आता प्लग काढायचा नाही’ हा मुद्दा नव्हता. काचेचं, विजेचं सगळं मी ऐकलं, लिहिलं, आणि ज्या बाईला मीच तो नियम पाठ करायला लावला तिला सांगायचं राहिलं. नियमांचा कागदसुद्धा भिंतीवर तसाच होता, माझ्याच अक्षरात.

ज्या आईचा मुलगा गेला तिला सांगू, की तुम्ही आज काय बंद केलंत?

“बरं केलंत, आई,” मी म्हटलं.

प्लग लावला. यादीत पाच नावं आली. तोंडाकडे पाहिलं – निवळलेलं होतं, भरती उतरायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी भरती साडेपाचची होती. नाव आलं नाही. तिसऱ्या दिवशी नाही. आज तीन आठवडे झाले. मी भावजींकडून रोजची भरतीची वेळ घेते, वहीत लिहिते, आणि पुढचा रकाना कोरा सोडते. परवा ते म्हणाले, “त्याला वाटलं आसंल घरात न्हाय.” मग स्वतःच जीभ चावली आणि मासळीचे पैसे न घेता गेले.

संदेशला बोलावून विचारलं. तो म्हणाला, कधी कधी जुनी नोंद अडकून राहते. मी म्हटलं, राउटर नवा कोरा, जुनी नोंद कुठली? आणि अडकते तर भरतीच्याच वेळेला कशी? त्याने वहीचं पान दोनदा वाचलं. “ते मला नाही सांगता येणार ताई,” म्हणाला. चहा न पिताच गेला.

मलाही सांगता येत नाही. इथल्या कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा, पण ‘आत्मा मुक्त झाला’ वगैरे लिहू नका. मला त्याने बरं वाटत नाही.

नियमांचा कागद मी काढलाय. सासूबाईंना शेजारी बसवून सांगितलं, आता कितीही गडगडलं तरी हात लावायचा नाही. “कशाला गो? जळंल ना!” म्हणाल्या. जळू दे म्हटलं. वायफायचं नाव आणि पासवर्ड कुणी कितीही सांगितलं तरी बदलणार नाही.

आणि ती दोन वाक्यं मी त्या पावसाच्या संध्याकाळीच, ओले कपडे न बदलता, पाठवून दिली.

‘मी घरातच होते. तोंड निवळलंय, या.’

अजून एकच टिक आहे.